आकारामनं गाडी हलकी केली

आष्ट्यात हवालदार आकाराम झांबऱ्यांचं घर विचारलं की लोक आधी हसतात आणि मग दाखवतात. हसू द्या. त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही इतक्या मायेनं एखादी वस्तू मोडता आलेली नाही, हे मी छातीठोक सांगतो.

वस्तू म्हणजे मोटार. लाल, बुटकी, बिनटपाची, दोन माणसांपुरती, विलायती. तिच्यात बसलेल्याचं डोकं रस्त्यानं चालणाऱ्याच्या कमरेला लागतं आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला तर ती दिसतच नाही. ही मोटार मूळची वाईच्या मेजर देवदत्त मेहेंदळ्यांची. आकाराम फौजेत बावीस वर्षं होता, त्यातली नऊ या मेजरसाहेबांचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून. पुढं दोघंही पेन्शनीत आले. साहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. मग त्यांच्या पत्नी अनसूयाबाई गेल्या, आणि त्याच वर्षी साहेबांनी आकारामला वाईला बोलावून गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. अट एकच. दर दसऱ्याला गाडी पुजून वाईला आणायची आणि साहेबांना शेजारी बसवून पसरणीचा घाट चढून पाचगणीला न्यायचं. तेही एका दमात. घाटात थांबायचं नाही.

पाच दसरे हे बिनबोभाट पार पडलं. सहाव्याला मात्र घाटाच्या मध्यावर, जिथनं खाली धोम धरणाचं पाणी दिसतं त्या वळणावर, गाडी धापा टाकायला लागली. आकारामनं गिअर पाडला, पाय दाबला, तरी गाडी रेटेना. शेवटी बंदच पडली. त्यानं उतरून बॉनेट उघडलं, सगळं चाचपलं, काही म्हणजे काही सापडलं नाही. साहेब आपले शांत. तोंड दरीकडं, उजवा हात दोन सीटांच्या मधल्या हँडब्रेकच्या दांड्यावर, काठीवर ठेवावा तसा. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली आणि वर गेली. घरी उतरताना साहेब एवढंच बोलले, “गाडी जड झाली रे, आकाराम.”

झालं. दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. पण बावीस वर्षं ज्यानं साहेबाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याच्या जिवाला हे वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. साहेब चौऱ्याऐंशीचे. आणखी किती दसरे बघतील ते देवाला माहीत. पुढच्या वर्षी गाडी एका दमात वर गेली नाही, तर साहेब जाताना ‘आकारामनं माझी गाडी घालवली’ हेच मनात घेऊन जाणार. या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. म्हणजे जेवायचा तो तेवढंच, पण गोड लागत नव्हतं.

साहेबांनी गाडीबरोबर दिलेल्या जुन्या पुस्तकात वजन लिहिलं होतं सहाशे चाळीस किलो. आकाराम गाडी घेऊन तडक नाक्यावर नाथाजीच्या वजनकाट्यावर चढला. नाथाजी त्याच्या वर्गातला. चाळीस वर्षं काट्याच्या त्या खिडकीत बसून अर्ध्या तालुक्याचा ऊस यानं मोजलेला. त्यानं खिडकीतनं आकडा ओरडून सांगितला. सातशे चाळीस!

शंभर किलो जास्त. आता हे शंभर किलो शिरलं कुठनं? नाथाजीचं मत पडलं की आष्ट्याची हवाच तशी आहे, इथं आलेलं माणूससुद्धा सुटतं, मग गाडीनं काय पाप केलंय. आकारामला ते पटलं. सहा वर्षांत गाडी आतल्या आत कुठंतरी सुटली होती, आणि जे सुटलंय ते उतरवता येतं.

मग सुरू झालं एकेक. पहिल्या दिवशी स्टेपनी, जॅक आणि पान्ह्यांची पेटी गेली. मग पुढचा बंपर, मागचा बंपर, पायाखालची जाजमं. काटा दहा किलोच्या खालचं मोजत नाही, म्हणून आकाराम काढलेलं सामान ओसरीवर साठवायचा आणि दहा किलो भरले असं हाताला वाटलं की गाडी घेऊन नाक्यावर जायचा. सातशे दहा आलं त्या दिवशी त्यानं नाथाजीला पेढा दिला. सातशेवर गाडी पंधरा दिवस अडली, तेव्हा त्यानं ड्रिल मशीन काढलं. जिथं लोखंड आहे तिथं भोक. पेडलांना भोकं, ब्रॅकेटांना भोकं, बॉनेटच्या आतल्या पट्ट्यांना भोकं. भोकातनं निघालेला किस तो वर्तमानपत्रावर गोळा करून तळहातावर जोखायचा आणि समाधानानं मान हलवायचा.

दारं गेली. त्यांच्या जागी ठिबकच्या नळ्या वाकवून चौकट केली आणि वर हिरवं शेडनेट ताणलं. समोरची काच उतरली, कारण चष्मा असतोच की डोळ्यांवर. आरसा गेला, तिथं हरणाबाईच्या कुंकवाच्या पेटीतला वाटोळा आरसा आला. हरणाबाई म्हणजे आकारामची बायको. ती पहिल्यांदा काही बोलली नाही. नवऱ्याचा एक हात कशात तरी गुंतलेला असला की दुसरा हात रिकाम्या उठाठेवी करत नाही, हे तिला तीस वर्षांत कळलं होतं. पण साहेबांच्या बाजूची सीट, चांगली स्प्रिंगांची, चौदा किलोची, काढून त्यानं तिथं हरणाबाईच्या लग्नातला फणसाचा पाट बोल्टानं आवळला, आणि वर त्या पाटालाही अकरा भोकं पाडली, तेव्हा तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी पेटवली, कारण उपाशी राहूनही गडी ड्रिल खाली ठेवेना.

हँडब्रेकचं असंच झालं. दांड्याला आधी सात भोकं पाडली. मग आकारामच्या डोक्यात आलं की जन्मात आपण ट्रॅक्टरला कधी हँडब्रेक लावलाय? गिअरात टाकायचा, चाकाखाली धोंडा सारायचा, विषय संपला. दांडा तारेसकट उपटला. त्या आठवड्यात शेजारच्या बनुबाईंच्या हापशाचा दांडा मोडला होता, तिथं तो असा चपखल बसला की गल्लीला वाटलं हापशासाठीच विलायतेहून आलाय. गाडीची दारं कोंबड्यांच्या खुराड्याला लागली, काच गोठ्याच्या खिडकीत गेली. टाकून असं काही दिलं नाही, हे लक्षात घ्या. गाडी वाटली गेली होती गल्लीभर.

आणि खंडेनवमीच्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, काट्यावर आकडा आला सहाशे चाळीस. नेमका. नाथाजी खिडकीतनं बाहेर आला. दोघांनी एकमेकांना मिठी मारायची तेवढी राहिली. हरणाबाई झेंडूची फुलं आणायला म्हणून गाडीतनं नाक्यापर्यंत आली होती आणि बाजूला उभी होती. तिनं काट्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, गाडीत पोट स्टिअरिंगला टेकवून बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

“आवं,” ती म्हणाली, “मी उतरले, तुमी उतरला न्हाई व्हय?”

आता इथं जरा थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही या दोघांना येडं समजाल. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर भरून येतो तेव्हा ड्रायव्हर वरच बसलेला असतो. रिकामा होऊन परत येतो तेव्हाही वरच. भरल्यातनं रिकामा वजा केला की ड्रायव्हर आपोआप गळतो, उरतो तो ऊस. म्हणून आमच्या भागात काट्यावर कुणी उतरत नाही. चाळीस वर्षांत नाथाजीनं कुणाला उतर म्हटलं नव्हतं आणि आकाराम कधी उतरला नव्हता. एकट्या गाडीचं वजन करायला या काट्यावर आजवर कोण आलं होतं?

आकाराम खाली उतरला. नाथाजी मुकाट खिडकीत गेला. आकडा आला पाचशे चाळीस.

ते शंभर किलो म्हणजे आकाराम होता. वर्षभर गाडीतनं त्यानं जे शोधून शोधून, भोकं पाडून पाडून काढलं, ते तो स्वतः होता. नाथाजीला हसायचं होतं, पण मित्राचं तोंड बघून तो आत जाऊन पाणी प्यायला. आकाराम काट्याच्या कठड्यावर बसला. त्याला साहेबांची स्प्रिंगांची सीट आठवली आणि खरंच रडू आलं. परत सगळं बसवावं तर बोल्ट कुठले कुठं गेले, खुराड्यातल्या दारांमागं कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या, बनुबाई हापशाचा दांडा सोडणार नव्हत्या. हरणाबाई शेजारी येऊन बसली. हलकी तर हलकी, चढंल तरी नीट, असं काहीतरी ती बोलली, आणि फुलं आणायला उठली.

दसऱ्याला आकारामनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हार घालताना पुन्हा हात अडखळला, अर्धा किलो तरी असेल, पण हरणाबाईनं डोळे वटारले तसा त्यानं तो निमूट बांधला. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा असं करत तो वाईला पोचला तेव्हा वाऱ्यानं डोळे सुजलेले, मिशीत माशी आणि हारातले निम्मे झेंडू हायवेवर. मागून येणाऱ्या गाड्यांनी मोबाइलवर त्याचे इतके फोटो काढले की त्याला वाटलं लोकांना गाडी आवडली.

साहेब आपल्या वाईच्या घराच्या दारात तयार उभे होते. इस्त्रीचा कोट, टोपी, काठी. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. आकारामनं सोनं देऊन पाया पडून त्यांना गाडीशी नेलं. साहेबांनी दार चाचपलं.

हे काय म्हणून त्यांनी विचारलं. शेडनेट, काकडीला वापरतात, असं आकारामनं सांगितलं. साहेब बरं म्हणाले. मग ते पाटावर बसले. पाट लागल्यावर त्यांनी सवयीनं मांडी घातली, पूजेला बसतात तशी, आणि काठी मांडीवर आडवी घेतली. गाडी निघाली.

आणि काय चढली म्हणून सांगू! पसरणीचा घाट जणू उताराचा होता. पहिलं वळण, दुसरं वळण, गाडी टणाटण उडत चालली होती. आकारामचा ऊर भरून आला. झालं ते झालं, मोडलं ते मोडलं, पण साहेबांना एका दमात वर नेतोय. तो मनातल्या मनात पाचगणीला पोचलासुद्धा.

धोमचं पाणी दिसतं ते वळण आलं. आकारामनं सहज डावीकडं नजर टाकली. साहेबांचा उजवा हात मांडीवरनं खाली उतरला होता आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी शोधत होता. पुढं गेला, मागं आला. जिथं दांडा होता तिथं आता नुसतं भोक होतं. बोटं त्या भोकाच्या कडेवरनं एकदा फिरली, आणि हात हळूच परत मांडीवर आला. तोंड दरीकडंच होतं.

मागच्या वर्षी रेटता न रेटलेली गाडी, दहा मिनिटांनी आपसूक मोकळी झालेली चाकं, सगळं त्याला एका क्षणात दिसलं. गाडीत बिघाड नव्हताच. गाडी जड झालीच नव्हती.

त्यानं गाडी कठड्याला घेतली आणि उभी केली.

“का थांबलास?” साहेबांनी विचारलं.

“गाडी जड झाली, सायेब.”

इंजिन बंद केलं तशी गाडी गिअरात असूनही पाठीमागं सरकायला लागली. जुनं इंजिन, त्यात उभा चढ. चाकाखाली सारायला गाडीत ठेवलेला धोंडा आकारामनं श्रावणातच अडीच किलो म्हणून काढून टाकला होता. त्यानं पायाचा ब्रेक गच्च दाबला. आता उतरायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळानं साहेब सांगायला लागले. अनसूयाबाई दर वेळी इथं गाडी थांबवायला लावायच्या. साहेब चिडायचे, चढावर उभी केली की इंजिन तापतं म्हणायचे. घाटात थांबायचं नाही हा नियम त्यांनी तिच्याशीच भांडून केलेला. ती गेल्यावर पाच वर्षं त्यांनी तो पाळला. सहाव्या वर्षी वळण आलेलं अंगाला कळलं आणि हात आपोआप दांडा ओढून बसला.

“तुला थांब म्हणालो असतो,” साहेब म्हणाले, “पण दिसत नाही त्या माणसानं देखावा बघायला गाडी थांबवायची, हे सांगायची लाज वाटली रे.”

साहेबांनी खाली काय काय दिसतंय ते विचारलं. पाणी हाय, तो म्हणाला. पाण्याकडंला हिरवं हाय. ऊस असंल. एक होडी हाय, न्हाई, होडी न्हाई, म्हस हाय, पवतीया. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. तिकडं ब्रेकवरचा पाय भरून आला होता आणि त्याच्या थरथरीनं अख्खी पाचशे चाळीस किलोची गाडी, शेडनेट, पाट आणि साहेबांसकट बारीक थरथरायला लागली होती.

“पाय कापतोय तुझा,” साहेब म्हणाले. “निघू या का?”

“न्हाई सायेब. गाडी लय हलकी झालीया, वाऱ्यानं हलतीया.”

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मग वारा पडेपर्यंत थांबू,” ते म्हणाले.