दारातली हरळी

मेस्त्री "आयतु, मॅडम" म्हणाला की मला तो शब्द नकोसा व्हायचा. कन्नडात आयतु म्हणजे झालं, संपलं. म्हैसूरला बोगादीतल्या आमच्या नव्या घरात आम्ही राहायला आलो होतो. उरला होता तो फाटकापासून पोर्चपर्यंतचा गाडीचा रस्ता आणि बाजूची बाग. कुठल्याही शहाण्या बाईला वाटलं असतं, हे एकदाचं उरकू दे. मला मात्र ते उरकायलाच नको होतं, आणि असलं काही कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण आई. मी तिची एकुलती एक लेक. वडील गेल्यापासून ती सांगलीकडच्या आमच्या गावात एकटी राहत होती. मागच्या थंडीत चक्कर येऊन परसात पडली, ते दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. मग मी तिला म्हैसूरला घेऊन आले. पण निघतानाच तिनं बजावलं होतं, "तुझं काम चाललंय, बघायला कुणीतरी पायजे म्हणून येतीय. काम सरलं की मला गाडीत बसवून द्यायचं. लेकीच्या घरात ठाण मांडून बसले तर लोक काय म्हणतील?" राहा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. एकदा ती नाही म्हणाली असती की विषयच संपला असता.

फाटकाजवळच्या ताज्या काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आईनं आपणहून घेतलं होतं. मेस्त्रीला मराठी येत नव्हतं, तिला कन्नड येत नव्हतं, तरी दोघांचं झकास जमायचं. तो तिला अज्जी म्हणायचा. "नीरु, अज्जी" म्हणाला की ही पाइप उचलायची, "साकु" म्हणाला की नळ बंद करायची. वडिलांचंसुद्धा तिनं कधी इतकं ऐकलं नव्हतं.

पेव्हर ब्लॉक बसवून झाल्यावर ढाळ बघायला मी बादलीभर पाणी ओतलं. ते रस्त्याकडे जायचं सोडून पोर्चच्या पायरीशी येऊन तुंबलं. ही चूक अगदी खरीखुरी होती. निम्मे ब्लॉक उपटून पुन्हा बसवण्यात आठवडा गेला आणि आईनं भरलेली पिशवी परत रिकामी केली. तिथंच मला चटक लागली. मग मी म्हणाले, मधली लाल पट्टी वाकडी दिसते. तीही उपटली. मग म्हणाले, कडेचे दगड बोटभर वर हवेत. मेस्त्री बिचारा सूत ताणून दाखवायचा, बघा, सरळ आहे. मी आपली मान हलवायची, नाही म्हणून. नवरा एकदा म्हणाला, "त्याचं नाव आपल्या रेशनकार्डावरच घालून टाक की." मी त्याच्यावर खेकसले.

ऑफिसच्या मीटिंगा चालू असायच्या आणि मी कानाला हेडफोन लावून खिडकी ते दार येरझाऱ्या घालायची. बाहेर हातोडीचा आवाज थांबला की जीव कासावीस व्हायचा. चालू झाला की धुळीनं चिडचिड व्हायची. धड बसवत नव्हतं, धड झोप लागत नव्हती. एका ओळीचं मेल लिहायला अर्धा तास लागायचा.

शेवटी काढायला खोटच उरली नाही. शनिवारी नर्सरीवाल्यानं लॉनच्या हिरव्या चटया आणून मातीवर पसरल्या, मेस्त्रीनं हातपाय धुतले आणि म्हणाला, "आयतु." आईनं त्याला चहाबरोबर लाडू दिला. तो गेल्यावर मला म्हणाली, "आता तिकीट काढ." मी मुकाट्यानं गुरुवारचं मिरजेचं तिकीट काढलं. चार दिवस नीट जेवले नाही.

बुधवारी सकाळी खिडकीतून बघते तो काय, आई लॉनमध्ये उकिडवी बसलेली, पदर खोचलेला, आणि मागं उपटलेल्या गवताचा हा एवढा ढीग! खाटेएवढी जागा तिनं पार बोडकी करून टाकली होती. मी अनवाणीच धावले.

"आई! डोकं फिरलंय का तुझं?"

"हरळी हाय ही," ती वर न बघताच म्हणाली. "निम्मा जन्म हिला खणण्यात गेला माझा. आन तू पैसे मोजून दारात आणून लावलीस?"

"अगं, लॉन आहे ते! मुद्दाम लावलंय!"

"कुणीबी लावू दे. रानात असली काय आन दारात असली काय, हरळीच ती."

"उद्या जाणार आहेस ना? मग जाता जाता हे उपद्व्याप कशाला?" मी ओरडले. तिथंच नव्या ब्लॉकवर फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. चाळिशी उलटलेली बाई मी, अंगात गाऊन, केस पिंजारलेले. समोरच्या घरातला माणूस गाडी पुसता पुसता बघत राहिला. बघू दे, म्हटलं.

तेवढ्यात पोर्चमध्ये आईचा फोन वाजला. गावाहून माझी काकू होती, कधी पोचतेस म्हणून विचारायला. आईनं पदराला हात पुसले.

"उद्या कुठली येतीय? आगं, पोरीच्या दारात हरळी माजलीय. ह्यांना काय कळतंय त्यातलं? मुळासकट काढायची म्हंजे दोन पावसाळे जात्यात."

फोन ठेवून ती परत येऊन त्याच जागी बसली. काम सरूच द्यायचं नाही, ही तर माझीच युक्ती होती.

"तुला कळलं होतं? मी मेस्त्रीकडून मुद्दाम..."

"सूत सरळ हाय का वाकडं, मला दिसत न्हाई व्हय?"

"आणि मी एक मूर्ख," मी नाक पुसत म्हणाले. "इतक्या दिवसांत एकदाही तुला राहा म्हणाले नाही."

"ते बरं केलंस," ती म्हणाली आणि पुढचं मूळ ओढायला लागली. "म्हणाली असतीस, तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं."