मालक पाण्यात हाईत

मेलेला माणूस परत येत नाही, याबद्दल सर्व धर्मांचं आणि सर्व शास्त्रांचं एकमत आहे. कृष्णेच्या काठी, उंब्रजच्या खाली काही मैलांवर, युद्धाच्या वर्षांत एक मेलेला माणूस दिवसातून तीनदा नदीची उंची सरकारला कळवत होता. तो परत आला असं कोणी म्हणत नव्हतं. त्याची नोकरी चालू होती, एवढंच.

मी त्याला कधी पाहिलं नाही. पाहिलं ते त्याच्या बायकोला, येसाबाईला.

मी पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर होतो. नदीत उभ्या केलेल्या मापाच्या पट्ट्या तपासणं हे माझ्या कामांपैकी एक. पट्टी म्हणजे फूट आणि फुटाचे दहावे भाग रंगवलेली उंच फळी. ती रोज वाचायला धोंडी नावाचा पट्टीवाला नेमलेला होता. पहिल्याच सकाळी मी सहाच्या सुमाराला घाटावर पोचलो. धुकं एवढं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पायरीवर एक चाळिशीपुढची बाई नदीकडे पाठ करून बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर सरकारी वही. तिने कानामागे हात धरला, जरा थांबली, आणि मोठ्याने म्हणाली, "अकरा चार." मग तो आकडा वहीत लिहिला आणि खाली अंगठा उठवला.

"आकडा कोणी सांगितला?" मी विचारलं.

"मालकांनी."

"कुठे आहेत ते?"

"पाण्यात," ती म्हणाली, आणि वही मिटली.

मी धुक्यात हाक मारली. मी बूट काढून खाली उतरलो. फळीजवळ कोणी नव्हतं. पाणी बरोबर अकरा फूट चारवर होतं. वर आलो तेव्हा बाई निघून गेली होती. कामाला लागलेला नवरा पलीकडच्या काठाने गेला असेल, अशी मी समजूत घालून घेतली. पुढच्या तीन खेपांना धुकं नव्हतं, आणि नवराही नव्हता.

खरं काय ते मला हसन मिस्त्रीने सांगितलं. तो मैलभर खाली असलेल्या जुन्या दगडी बंधाऱ्यावर डागडुजीला होता.

"आवं सायेब, धोंडी ग्येला की दोन वर्सांमागं. भादव्यात. ऊन असं लखलखीत, ढगाचा ठिपका न्हाई. त्यो कमरंइतक्या पाण्यात पट्टीपाशी हुबा, ही वर वही घिऊन. त्याची रीतच तशी, त्यो आकडा वराडणार, ही परत म्हननार, मग लिवनार. 'चौदा' म्हनला अन् फुडचं म्हनलाच न्हाई. लोंढा आला. पार कराडापतुर हुडकलं, कायबी गावलं न्हाई."

"मग कुंकू कसं लावते?"

मिस्त्रीने थापी चुन्यात खोचली. "सरकारनं कुटं मारलंय त्येला अजून? वहीत हाय न्हवं नाव? त्ये हाय तवर ही सवाष्ण. गावातल्या बायकाबी हळदीकुकवाला बोलीवत्यात तिला. आमी कोन बोलनार?"

मी येसाबाईला सरळ विचारलं, तेव्हा तिने काही लपवलं नाही. नवऱ्याचं नाव तर ती पूर्वीही घेत नव्हती. "त्ये अजून कामावरनं आलं न्हाईत," ती म्हणाली. "पान्यात ग्येलं, पान्यात हाईत. तुमच्या कागदावर जित्तं हाईत का न्हाईत?" मी म्हटलं, आहेत. "मग झालं तर."

माझं शिक्षण असल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्यासाठी झालेलं नव्हतं. पंधरा दिवस मी त्या पायरीचा अभ्यास केला. पायरीखाली दगड निखळून एक पोकळी झाली होती. पाणी आत शिरून बाहेर येई आणि डबडब असा आवाज होई. पाणी चढलं की आवाज बारीक होई, उतरलं की घोगरा. घागर भरत आली की कानाला कळतं, तसंच. दोघांनी अकरा वर्षं मिळून आकडे घेतले होते, आणि तितकी वर्षं ती त्याच पायरीवर बसत होती. कोणत्या आवाजाला कोणता आकडा, हे तिचा कान शिकला होता. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, इतकंच. शोध लागल्याच्या आनंदात मी हे सगळं तिला समजावून सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "व्हय. घागर भरतीया," ती म्हणाली. "पर भरतंय कोन, त्येबी सांगा की."

मी पाणलोटाबद्दल बोललो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला थेंब उताराने ओहोळात येतो, ओहोळ ओढ्यात, ओढा नदीत. एका खोऱ्यातलं सगळं पाणी शेवटी एकाच तोंडाने बाहेर पडतं. त्यावर ती म्हणाली की, वर कुणी लोटा सांडला तरी हितं कळतं, त्याला एवढी इंग्रजी पुस्तकं कशाला? पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांचा सारांश म्हणून हे वाक्य मला अजून सुधारता आलेलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा वरून पत्र आलं. वर सह्याद्रीत मोठं धरण बांधायचं घाटत होतं. त्यासाठी आमच्या घाटावरचे गेल्या काही वर्षांचे आकडे हवे होते, आणि ते तपासायला मोठे साहेब जातीने येणार होते. प्रत्येक पट्टीवाल्याची प्रत्यक्ष ओळख पटवून ओव्हरसियरने तसा दाखला द्यायचा होता. धोंडी मेला असं लिहिलं तर त्या दिवशी बाईचं काम जाणार, कुंकू जाणार, आणि दोन वर्षांचे आकडे रद्द होणार. त्या आकड्यांत एकही चूक मला सापडली नव्हती. जिवंत आहे असं लिहिलं तर माझी नोकरी जाणार. दाखला मी खिशात घालून आठ दिवस हिंडलो.

"तुमी काय लिवनार?" तिने एकदाच विचारलं.

"जे खरं असेल ते."

"खरं तुमाला ठावं हाय?" ती म्हणाली. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांच्या स्वागताची तयारी थाटाची होती. भरलेला बंधारा साहेबांना आवडतो, असा वरून निरोप होता. म्हणून सगळ्या मोऱ्यांची दारं पाडून पाणी काठोकाठ अडवलं होतं. भरलेला बंधारा दिसायला शोभतो, रिकामा उपयोगी पडतो. येणाऱ्या पाण्याला पोटात जागा हवी आणि ती आधी करावी लागते. पण काठावरच्या स्वागताच्या कमानीवर झेंडूच्या माळा चढल्यावर हे कोण ऐकतो? बंधाऱ्याच्या पायथ्याशी, कोरड्या खडकावर उतरून, हसन मिस्त्रीची वीसेक माणसं दगडांना चुना फासत होती. नदीला एवढं स्वच्छ कधी कोणी केलं नसेल.

साहेब दुपारी येणार होते. बाराचा आकडा घ्यायला मी स्वतः घाटावर गेलो. भाद्रपदाचं ऊन होतं, आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं. येसाबाईने कानामागे हात धरला. मी वाट पाहिली.

"आकडा?"

तिने हात खाली घेतला. "मालक गप झाल्यात," ती म्हणाली.

मी हसणार होतो. मग माझ्याही ध्यानात आलं की पोकळीतला आवाज थांबला आहे. मी पाण्याकडे पाहिलं. एक वाळकी काटकी आमच्या समोर तरंगत होती. ती पुढे जात नव्हती. फेसाचा एक गोळा जागच्या जागी फिरत होता. भर दुपारी, भर उन्हात, कृष्णा उभी राहिली होती. काठावर एकही पाखरू ओरडत नव्हतं. मानेवर कोणीतरी गार हात ठेवावा तसं मला झालं, आणि ती भीती पुस्तकात कुठेच नव्हती.

"मागल्या टायमाला आसंच," ती हळू म्हणाली. "गप झालं. मला कळलं न्हाई, म्या म्हनलं, म्हना की फुडं, म्हना की. सायेब, खाली मान्सं हाईत."

तेव्हा मला पुस्तक आठवलं. आमच्या घाटाच्या जरा खाली, बंधाऱ्याच्या वर, सह्याद्रीतून येणारी एक नदी कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यात ढगफुटी झाली की तिचं पाणी आधी येऊन कृष्णेचं तोंड दाबतं, आणि कृष्णा वरच्या अंगाला तुंबते. आमच्या डोक्यावर ऊन असलं म्हणून काय झालं, पाऊस वीस कोसांवर पडत होता.

सायकल मी कशी मारली ते आठवत नाही. बंधाऱ्यावरून ओरडलो, "मिस्त्री, माणसं वर काढ!"

मिस्त्रीने आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सायेब, दोन हात र्‍हायलंय, त्येवढं—"

"येसाबाई म्हणते मालक गप झालेत!"

मी ओव्हरसियर म्हणून सांगितलं असतं तर त्याने दोन हात पुरे केले असते. हे ऐकल्यावर त्याने चुन्याची बादली तिथेच टाकली. "अल्ला! चला रं वर! आवजारं ऱ्हाऊ द्या, चला गड्यानू!" शेवटचा माणूस वर आल्यावर आम्ही मोऱ्यांची दारं उचलायला लागलो. पाच उचलली. अडवलेलं पाणी निम्मं निघून गेलं असेल तोवर वळणावर तपकिरी भिंत दिसली. तिच्यात आख्खी झाडं होती, मुळांसकट, हिरव्या पानांची. ती आमच्याकडे उगवत नाहीत. बंधारा थरथरला आणि टिकला. पायथ्याचा खडक, चुना आणि कमान पुन्हा दिसली नाही.

साहेब आले तेव्हा आम्ही सगळे चिखलाने माखलो होतो. त्यांनी स्वागताबद्दल काही विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. घाटावर आले आणि म्हणाले, "इशारा कोणी दिला?"

"पट्टीवाला धोंडीने," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

"बोलवा त्याला."

काठावर सारं गाव जमलं होतं. कोणी हललं नाही. येसाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मालक पान्यात हाईत, सायेब."

साहेबांनी फुगलेल्या नदीकडे पाहिलं. "एवढ्या पुरात? कामावर?" ते म्हणाले. "शाबास. अशी माणसं हवीत." मी खिशातून दाखला काढला आणि त्यांच्या देखत 'कामावर हजर' असं लिहिलं. आजवर मी अनेक सरकारी कागदांवर सह्या केल्या आहेत. ज्याची लाज वाटत नाही अशा मोजक्या कागदांपैकी तो एक.

संध्याकाळी सहाला ती वही घेऊन बसली. त्या दिवसाचा आकडा लिहून झाल्यावर तिने मागली पानं उलटली. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात एका ओळीत नुसतं 'चौदा' होतं, पुढची जागा कोरी. तिने तिथे 'सहा' लिहिलं.

"हे काय?"

"आज सांगितलं त्येंनी. ऱ्हायलं हुतं."

दोन वर्षांनी भरलेली नोंद नियमाबाहेरची होती. तिच्याखाली मी सही केली.

पुढे स्वातंत्र्य आलं. झेंडा बदलला, फायली त्याच राहिल्या. धोंडीची पंचावन्न वर्षं भरली आणि खात्याने त्याला रीतसर निवृत्त केलं. तो कागद मी स्वतः घेऊन गेलो. तिला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे येत.

"म्येलं म्हनून लिवलंय का ह्यात?"

"नाही. काम संपलं, आता घरी, असं लिहिलंय."

तिने कागद कपाळाला लावला. मग म्हणाली, "म्हंजी आलं की घरला." त्या दिवसापासून ती घाटावर गेली नाही. मी बदली होऊन निघालो तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर दोन पाटांवर दोन ताटं मांडलेली होती. "बसा की जेवायला," ती म्हणाली, आणि तिसरं ताट आणायला उठली. दुसऱ्याबद्दल मी विचारलं नाही.

निवृत्तीच्या वेळी सरकारी सामान परत करावं लागतं. तिने वही, दौत आणि मोडका बाक परत केला. सरकारी छत्री धोंडीबरोबर गेली होती. खात्याने त्या छत्रीबद्दल धोंडीच्या नावे दोन स्मरणपत्रं पाठवली.