छत्तीस लिटरची चूक

चिठ्ठीमावशी धाकट्या बहिणीला कोर्टात खेचणार, घराच्या वाटणीवरून, अशी बातमी मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये चार दिवस फिरत होती. फिरवणारा मीच. बिल्डिंगच्या खाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि काचेवर पालथा ठेवायला दिलेला कागद न वाचता परत करायची विद्या मला या वयातही साधलेली नाही. त्या दिवशी मावशी एक रजिस्टर्ड पाकीट घेऊन आल्या, आतल्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती काढायला सांगितल्या आणि प्रती निघेपर्यंत मशीनला टेकून चक्क रडल्या. कागदांत मला ‘आक्षेप’, ‘पुरावा’, ‘निर्णय अंतिम’ एवढं दिसलं. एवढ्यावर भल्या माणसानं दुसरं काय समजायचं? मी फक्त बायकोला सांगितलं, आणि वर बजावलं की कुणाला बोलू नकोस. संध्याकाळपर्यंत लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा मला विचारत होता, घर नक्की कुणाच्या नावावर आहे म्हणून.

पाचव्या दिवशी धाकटी स्वतः दुकानात आली. ही घरीच शिवणकाम करते, गळ्यात टेप असते आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलते कमी, पण बोलली की टोचतं.

“ताई मला कोर्टात नेणार म्हणे,” ती म्हणाली. “तारीख कळली की सांग. लोकांचे कपडे अडकलेत माझ्याकडे.”

मी खोकलो, कागदांची चळत सारखी केली, चहा मागवू का विचारलं.

“चहा राहू दे. भांडण प्रकाशकाशी आहे. धान्याच्या मापावरून. आणि ते माप वापरणारे सगळे मेलेत, दोनशे वर्षं झाली. आता हे सांग जाऊन लिफ्टवाल्याला.”

सांगितलं नाही. खरी गोष्ट अफवेपेक्षा इतकी रटाळ निघाली की कुणी ऐकूनच घेतली नसती. आणि पुढे ती रटाळही राहिली नाही, म्हणून इथे लिहितो.

मावशींचं वय सदुसष्ट. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, फ्रेंचमधलं इंग्रजीत नेणं. इतिहासाच्या प्राध्यापकांची पुस्तकं, जुन्या रजिस्टरांचे उतारे, आणि या सगळ्याच्या पोटी जन्मलेला एक कोश. कोशाचा पहिला भाग फ्रान्समधल्या जुन्या राजवटीतल्या शब्दांचा: कर, हुद्दे, मापं. दुसरा भाग लोकांच्या तोंडच्या रोजच्या वाक्प्रचारांचा. दोन खोल्यांच्या त्या घरात एका खोलीत धाकटीचं मशीन आणि कापडं बेतायचं टेबल, दुसरीत भिंतभर शब्दांच्या चिठ्ठ्या, म्हणून तर चिठ्ठीमावशी. पंखा लावायची बंदी. उन्हाळ्यात मी वर गेलो की म्हणायचो, “मावशी, शब्द वाळले असतील तर पंखा लावा आता.” त्या न हसता म्हणायच्या, “तू बोलतोस तेवढा वारा पुरतो.”

दुसऱ्या भागासाठी त्यांना मी लागायचो. माझं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणूनच माझी निवड. मला कळलं तर कुणालाही कळेल, असं त्या तोंडावर सांगत. फ्रेंच माणूस कुणाला यायचं कबूल करून आला नाही, तर त्यानं ‘ससा ठेवला’ म्हणतात. उदास वाटलं की ‘मला झुरळ आहे’ म्हणतात. मला हे भलतंच आवडलं. तो ससा तसाच इंग्रजीत घ्या की, मी म्हटलं. तर म्हणाल्या, “ससा तिकडेच राहू दे. ताटकळत बसलेला माणूस तेवढा इकडे आणायचा.”

“आणि पहिल्या भागात?”

“तिथे उलटं. तिथे वस्तू हलवायचीच नाही. जुनं माप, जुना कर, आहे त्याच नावानं ठेवायचा आणि शेजारी समजावून सांगायचा. नाव बदललंस की वस्तू बदलते.”

हा नियम त्यांना सुरुवातीपासून माहीत असता तर बरं झालं असतं. पण पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या, घाईत होत्या, आणि ‘ब्वासो’ नावाच्या धान्याच्या मापासमोर त्यांनी एकच इंग्रजी शब्द लिहून टाकला: बुशेल. दोन्ही धान्याची मापं, दोन्ही जुनी, चला पुढे. कोश गाजला. ज्याला त्या काळावर इंग्रजीत लिहायचं तो मावशींचा कोश उघडायचा. एकतीस वर्षं कुणाला काही खटकलं नाही.

खटकलं ते त्यांनाच, आणि तेही अपघातानं. एका गावच्या धर्मादाय मदतीच्या रजिस्टराचं काम आलं होतं. त्यात एक विधवा होती, दोन मुलांची आई. महिन्याला एक ब्वासो गहू तिला मदत म्हणून मिळायचा, दुसरं काही नाही. पाचव्या महिन्यात तिच्या नावापुढे कारकुनानं लिहिलं होतं: ‘अन्नावाचून मेली.’ मावशींनी आपल्याच कोशातला शब्द घालून वाक्य पुरं केलं आणि तिथेच थांबल्या. महिन्याला बुशेलभर गहू असताना ती मेली कशी?

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याकडून चाळीस किलो गहू आला. पोतं दोन जिने चढवायला मी, कारण नेमकी तेव्हा लिफ्ट बंद.

“चाळीस किलो,” धाकटी म्हणाली. “आपण दोघी. एकीला मधुमेह. ताई, तुला झालंय काय?”

“टेबल मोकळं कर.”

“त्यावर कापड बेतलंय.”

“बेतलेलं उचल.”

एक लिटरचं मापाचं भांडं घेऊन मावशी टेबलावर गहू ओतू लागल्या. मोजायचं काम माझं. त्या गावात राजधानीचं माप चालायचं, म्हणजे ब्वासोचे तेरा लिटर. तेरा झाले, एक ढीग झाला. मग शेजारी बुशेलचे छत्तीस. एकोणीसपर्यंत मी नीट मोजलं, मग धाकटीला काहीतरी सांगायला गेलो आणि आकडा विसरलो. मावशींनी तो ढीग परत पोत्यात भरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

दोन ढीग शेजारी शेजारी. काट्यावर एक दहा किलो, दुसरा सत्तावीस. धाकटी टेप चाळवत बघत राहिली. तिघांना महिनाभर दहा किलो, म्हणजे माणशी दिवसाला मुठीत मावेल एवढं. सत्तावीस असते तर ओढूनताणून का होईना, जगली असती.

“म्हणजे कारकुनानं बरोबर लिहिलंय,” धाकटी म्हणाली.

“हो,” मावशी म्हणाल्या. “मी चूक लिहिलंय.”

एवढं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. गहू नंतर आम्हीच भरला.

कोशाची शेवटची आवृत्ती वर्षभरात निघायची होती. त्यानंतर प्रकाशक ती मालिकाच बंद करणार होते, म्हणजे सुधारायची ही एकच संधी. मावशींनी ब्वासोची नोंद नव्यानं लिहिली, अर्ध्या पानाची, आणि पाठवली. उत्तर म्हणून ते रजिस्टर्ड पाकीट आलं, ज्यावरून मी कोर्ट भरवलं होतं; गहू मीच मोजला होता, तरी त्याचा याच्याशी संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यांच्या तज्ज्ञानं आक्षेप घेतला होता: हा बदल मान्य कोशाशी जुळत नाही. मान्य कोश कुठला, तर मावशींचाच, पहिली आवृत्ती.

मग मावशी पेटल्या. बुशेल वापरणारी पुस्तकं ग्रंथालयातून एकेक करून आणली. माझ्या काचेवरून बावीस पुस्तकं गेली. प्रत्येकात तळटीप, प्रत्येक तळटिपेत मावशींचं नाव. एकानं तर या चुकीच्या आकड्यांवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं, की त्या काळचे गरीब आपण समजतो तितके उपाशी नव्हते. त्या पानाच्या प्रती काढताना मी जरा गंमत करायला गेलो, “मावशी, पुण्य लागेल हो, केवढ्यांना जेवू घातलंत,” आणि त्यांचा चेहरा बघून मशीनचं झाकण उघडझाप करत बसलो.

संपादकबाईंचा फोन माझ्या दुकानातच आला. मावशींना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावला. मी माझं काम करत होतो, म्हणजे ऐकत होतो.

“मॅडम, तुमचा शब्द आता रूढ झालाय,” पलीकडून आवाज आला. तरुण, गोड, थकलेला. “बावीस पुस्तकं आहेत, तुम्हीच पाठवलीत.”

“ती माझी चूक किती पसरलीय ते दाखवायला पाठवली.”

“आमच्या तज्ज्ञांनी त्यातून उलटं काढलंय. सगळे तेच म्हणतात, असं.”

“सगळे माझ्याकडून घेऊन म्हणतात.”

“मी समजू शकते. पण पहिल्या आवृत्तीच्या विरोधात तुम्हाला—”

“पहिली आवृत्ती मीच लिहिली, बाळा.”

“हो मॅडम. आणि तेव्हा तुम्ही खात्रीनं लिहिलं होतं.”

 समोर एक मुलगा प्रवेशपत्राच्या प्रती घ्यायला उभा होता, त्याला मी हातानंच थांबवलं.

“मग माझं नाव काढा,” त्या म्हणाल्या.

“नाव काढलं तर कोशाला आधार कुणाचा?”

पुढे आणखी दोन पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, सही नसलेलं. दुसऱ्याचं आलंच नाही. मावशी रोज साडेअकराला टपालपेटीशी उतरायच्या, आणि माझ्यासारखा वाचाळ माणूससुद्धा तेवढा वेळ मशीनमध्ये डोकं घालून उभा राहायचा. मग उतरणं बंद झालं. दुसऱ्या भागासाठी मला बोलावणंही बंद झालं. एकदा मीच निर्लज्जपणे वर गेलो, नवा ससा-बिसा आहे का विचारायला. पंखा चालू होता. चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या होत्या, कुणी उचलल्या नव्हत्या.

“खुर्चीत बसते,” धाकटी दारातच हळू म्हणाली. “कामाला बसत नाही. काय करू मी? कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं.”

या महिन्यात कोश आला. जाड, निळा, मावशींचं नाव सोनेरी अक्षरात. टपालवाल्यानं माझ्याच दुकानात ठेवला, आणि मी आधी अर्थातच उघडून बघितला. ब्वासो: बुशेल. एक ओळ, एक शब्द.

वर नेऊन दिला. मावशींनी उघडला नाही, मांडीवर ठेवला. मला ती शांतता सोसेना. असं झालं की माझ्या तोंडून काहीतरी मूर्खासारखं निघतंच.

“मावशी, सोडून द्या ना आता. बाई गेली दोनशे वर्षांपूर्वी. ती काय तक्रार घेऊन येणार आहे?”

मावशींनी वर बघितलं. आवाज चढवला नाही.

“तू झेरॉक्सवाला, तुला तरी कळायला हवं. त्या कारकुनानं समोर दिसलं तेवढं उतरवलं, ‘अन्नावाचून मेली.’ आणि मी शहाणी, त्याच्या त्या ओळीवर सत्तावीस किलो गहू ओतून मोकळी झाले.”