हार घालायचा फोटो

शहागडला माझा फोटो स्टुडिओ होता. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरत आली, तेव्हा जालन्याहून एक माणूस नवी बसवायला आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं दोन डिस्क आणल्या होत्या. दोन्ही जोडून पाहिल्या, डोळे मिटून एकेकीला कान लावला आणि जी कुरकुरत नव्हती ती निवडली. काम करता करता तो मध्येच थांबून हवा हुंगायचा.

"भाऊ, अगरबत्ती लावली का?"

"नाही हो."

जुन्या डिस्कमधले फोटो तो नवीत उतरवू लागला. त्यात एक फोल्डर गेलेल्या माणसांचं होतं. आमच्याकडे कुणी वारलं की घरचे लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. मी त्यातला चेहरा कापून, मागे निळं आभाळ लावून, हार घालायचा फोटो करून देतो. पडद्यावर ते चेहरे सरकत होते. एकावर त्याचा हात थांबला.

"हा तर मी हाय."

खरंच, तोच होता. मला आठवलं. एका म्हातारीनं ग्रुपमधल्या याच चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं, "हाच माझा पोरगा" म्हणून. तिला धड दिसत नव्हतं. ते मी त्याला सांगितलं.

तो चिडला नाही. शांतपणे स्क्रू आवळले, झाकण लावलं.

"तिला सांगू नका," तो म्हणाला. "आता त्यो तिचाच पोरगा."

दारात त्यानं पुन्हा हवा हुंगली.

"कुठंबी असलो तरी हा वास येऊन राह्यला, भाऊ. घरी तर कुणी अगरबत्ती लावत न्हाई. कोण लावतं, ते आज समजलं."