नानांचं घड्याळ उजव्या हातात

ग्रंथालयाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नानांनी नोकरीत एकच मोठी चूक केली, आणि ती ते पुढे कायम मनगटावर बाळगत राहिले.

झालं असं, की रोजचा बॅकअप मध्येच अडकायचा. कारण सापडावं म्हणून नानांनी सॉफ्टवेअरला बारीकसारीक सगळं लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, लिहायला लावलं. तासाभरात दुखणं सापडलं, नाना खुशीत घरी गेले आणि ते लिहिणं थांबवायचं साफ विसरले. चार दिवसांत लॉगच्या फाइलने डिस्क गच्च भरली, आणि बॅकअप ठेवायलाच जागा उरली नाही. औषधानेच रोग्याला आडवं केलं म्हणा ना.

तेव्हापासून लॉगमधलं लिहिणं वाढवलं की आठवण राहावी म्हणून नाना घड्याळ उजव्या हातात घालत. काम झालं, लॉग पहिल्यासारखा केला, फुगलेली फाइल पुसली, की घड्याळ परत डावीकडे. एकदा तसेच घरी आले, तर बायकोने समोरचा कप उचलून घेतला. "चहा झाकून ठेवते. आधी जाऊन ते बंद करून या."

निवृत्तीच्या दिवशी घरी आले, तेव्हाही घड्याळ उजवीकडेच होतं.

"अहो, आज शेवटचा दिवस ना? आता काय चालू ठेवून आलात?"

"सगळं बंद करून आलोय," नाना म्हणाले. "पण घड्याळ डावीकडे घालायला हात धजेना."

या वेळी तिने चहा झाकला नाही. आपलाही कप घेऊन शेजारी बसली.