साखळीला हात लावायचा नव्हता

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिच्यापासून मला तंबाखूची डबीसुद्धा कधी लपवता आली नाही. लोक माझ्याबद्दल जे सांगतात ते तिनंही ऐकलंय. तिला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच तर तोंड उघडत नाही.

मी कारंज्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होतो. दिवाळी ते होळी सीझन. पहाटे आग पेटवायची, वाफ धरली की साखळी ओढून भोंगा वाजवायचा. तो ऐकून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया चूल सोडून उठत, भाकरी फडक्यात बांधत आणि वाटेला लागत. गावात जिनिंगा बऱ्याच, पण आपल्या जिनिंगचा भोंगा कोणता हे प्रत्येकीला झोपेतही कळायचं, आपल्या बैलाच्या गळ्यातली घाटी कळते तसं.

ही जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. आमची नवी युनियन होती. गुलाबराव तिचा सेक्रेटरी, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधणारा. युनियन काढली म्हणून आधीच कामावरून काढलेला. मागणी मोठी नव्हती. लांबच्या वस्त्यांवरच्या बायांना अंधार पडायच्या आत सोडा, एवढंच. दिवसभर रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालून रुईनं पांढऱ्या झालेल्या बाया रानातल्या वाटेनं अंधारात परत जायच्या. एकदा काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

पण माणसं एकत्र आणायची कशी? सभा घेतली की मुकादम दाराशी उभा राहून तोंडं बघून ठेवणार. चिठ्ठी पाठवावी तर वाचणार कोण? आणि तार करावी — आमच्याकडे तारवाला दिसला की आधी रडारड सुरू होते, मजकूर नंतर. तेव्हा गुलाबरावाला भोंगा सुचला. मालकाचाच भोंगा, मालकाच्याच लाकडांवर चालणारा. बोलणी फिसकटली तर दुसऱ्या दिवशी भोंगा वाजणार नाही. वाजला नाही की कुणी घराबाहेर पडायचं नाही. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच — भोंगाच ऐकला नाही, येणार कशा? दारात कुणी नाही, तर नाव कुणाचं घेणार? त्या युक्तीत कुणाला धीट व्हावंच लागत नव्हतं. मला ती फार आवडली होती. माझ्यासारख्याला आवडणारच.

बोलणी फिसकटली. संध्याकाळी गुलाबराव माझ्या घरामागं आला आणि म्हणाला, "उद्या साखळीले हात लावू नको. बाकी काहीच करू नको." बघा — काही करायचं नव्हतं मला. लोकांना लढायला सांगतात, तुरुंगात जायला सांगतात. मला फक्त उभं राहायला सांगितलं होतं. बहाणाही घोकून ठेवला होता, लाकडं ओली निघाली, वाफ धरत नाही.

मग काय झालं?

लोकांना ठाऊक आहे ते असं, की मॅनेजरनं पहारेकरी आणले, मला धरलं, मी झटापट केली, त्यात माझा हात भाजला आणि भोंगा त्यांनी वाजवला. मनगटावरचा डाग अजून आहे. पोरंसोरं विचारतात, दाखवा म्हणून.

पहारेकरी नव्हते. मॅनेजर एकटाच आला होता, गळ्याला मफलर गुंडाळून, थंडीनं नाक लाल झालेलं. त्यानं मला चहा झाला का विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं. मग त्यानं घड्याळ पाहिलं आणि साधेपणानं म्हणाला, "वेळ झाली ना रे?"

मी म्हटलं, "हो साहेब." आणि साखळी ओढली.

त्याला बेत कळला होता की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानं धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही. ओल्या लाकडांचा बहाणा जिभेवर तयार होता. पण एका माणसानं मऊ आवाजात विचारलं आणि मला त्याच्यासमोर वाईट ठरायचं नव्हतं. भीती म्हणू? भीती होतीच. पण निव्वळ भीती असती तर मला इतकी लाज वाटली नसती. भोंगा थांबल्यावर मी काय केलं हे कळलं, मागं सरकलो, आणि तोल सावरायला तापल्या नळीवर मनगट टेकलं. एवढीच ती झटापट.

बाया आल्या. तडजोड झाली असं समजून हसत आल्या. फाटकाशी गुलाबराव डोक्याला हात लावून उभा होता. त्यानं खरं सांगितलं तेव्हा बऱ्याच जणी खाली मान घालून आत गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, मी कोण देणार? पण सोनाबाई नावाची एक रेचेवाली होती, माहेरसासर दोन्ही इंझोरीचं, सीझनपुरती नवऱ्यासोबत इकडच्या वस्तीवर राहणारी. ती म्हणाली, "आता आलोच त मांगं कायले जाचं? बसतो इथंच." ती फाटकाला पाठ लावून बसली. तिच्या वस्तीच्या बायाही बसल्या. मुकादमानं सावकाश एकेकीचं तोंड पाहून घेतलं.

संप तीन दिवसही टिकला नाही. बसलेल्या बायांना कारंज्यातल्या एकाही जिनिंगनं पुन्हा उभं केलं नाही. सोनाबाईचा संसार सीझनच्या कामावर चालायचा. ती रस्त्याच्या खडीवर गेली. पोटुशी होती. ते मूल खडीवरच गेलं.

आणि मी? त्याच दिवशी दुपारी गुलाबरावानं माझ्या मनगटाला बांधलेली चिंधी पाहिली. "धरून वाजवला का रे त्यायनं?" असं त्यानंच विचारलं. मी मान हलवली. तोंडानं खोटं बोललो नाही — बघा, अजूनही हे सांगून मी थोडं सुटायला बघतो. मान हलवली. पुढचं सगळं लोकांनी रचलं, आणि मी ते अंगावर चढू दिलं. युनियन पुन्हा उभी राहिली तेव्हा पहिला हार माझ्या गळ्यात पडला.

यंदा पोळ्याच्या बाजारात सोनाबाई भेटली. ओळखू येईना इतकी वाळलेली. सोबत नवी सून होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "काहून भाऊ, ओयखलं नाई का?" म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "हेच ते बॉयलरवाले भाऊ. आपल्यासाटी हात जाळून घेतला यायनं. पाया पड."

भर बाजारात ती पोर खाली बसली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.