आत्याच्या कमरेवरची तिजोरी

आमची आत्या बायकांचे कपडे शिवते. ती बोलते तेव्हा तिच्या ओठांत निदान चार टाचण्या असतात, त्यामुळे तिची निम्मी भाषा नाकातून येते. "हंऽत वर. सरळ उभी ऱ्हा. पोट आंत घे." भल्याभल्या बायका निमूट पोट आत घेतात. मी घरी ही नक्कल केली की आई-बाबा लोळून हसतात आणि आत्या म्हणते, "मेले, आवाज उचललास माझा, हात कधी उचलणार?"

आत्याचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास आहे: टाका. चेन दगा देते, हूक सुटतो, बटण तर जन्मजात पळपुटं. बँकेचं कार्ड तिच्या लेखी बटणाच्याही खालच्या पायरीवर.

तिची लेक परदेशात असते. तिचं लग्नही तिथेच ठरलं, सरकारी कचेरीत, दुपारी तीनला. लग्नाचा झगा आत्याने शिवला आणि तो पोस्टाच्या हवाली करायला साफ नकार दिला. "मी स्वतः नेणार." सोबतीला मी, कारण मला तिथली भाषा मोडकीतोडकी येते आणि "कार्टी रिकामीच आहे."

निघेपर्यंत घरात एकच भांडण.

"ताई, तिकडे भाजीवालासुद्धा कार्ड घेतो," बाबा म्हणायचे. "रोख हरवली की गेली. कार्ड हरवलं तर एका फोनवर बंद करता येतं."

"म्हणजे बंद पडणं ही त्याची हुशारी?"

बाबांनी तरीही कार्ड काढून आणलं. पाहुण्याने दिलेली भिकार फुलदाणी माळ्यावर जावी, तसं ते पर्सच्या तळाला गेलं. तिकडच्या चलनाच्या नोटांसाठी आत्याने दुहेरी कापडाचा पट्टा शिवला. निघायच्या सकाळी तो कमरेला गुंडाळून तिने अंगावरच शिवून बंद केला, मग गर्रकन फिरवून शिवण पाठीवर नेली.

"आता चोराला माझ्यासकट न्यावं लागेल."

"आणि तुलाच पैसे लागले तर?" मी विचारलं.

"कात्री आहे ना!"

कात्री विमानतळावरच्या तपासणीत गेली. पट्टा मात्र "कंबर धरलीये हो" या कण्हण्यावर तपासणीतून सुटला.

परक्या देशात उतरलो. लेकीच्या गावाला जाणारी बस लागलेलीच होती. ही चुकली तर पुढची संध्याकाळी, म्हणजे लग्न उरकल्यावर. तिकिटाच्या खिडकीतली बाई च्युइंगम चघळत होती. आत्याने कार्ड पुढे केलं. एवढ्या गोड चेहऱ्याने की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

यंत्र म्हणालं, "टुऊंऽऽ."

बाई म्हणाली, "नाकारलं." पुन्हा घातलं. "टुऊंऽऽ." "नाकारलं."

"बघ!" आत्या लॉटरी लागल्यासारखी माझ्याकडे वळली, रुबाबात कमरेला हात घातला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

आम्ही धावत बायकांच्या स्वच्छतागृहात. झग्याला टोचलेली एक टाचणी घेऊन मी आत्याच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले आणि टाके उसवू लागले.

"ओढू नकोस, शिवण फाटेल!"

"आत्या, फाटायलाच हवीये!"

"माझी शिवण फाटत नसते."

खरंच फाटेना. दोन टाके उसवले तोवर बाहेर बसचं इंजिन घुरघुरलं. आत्याने झग्याची पिशवी उराशी धरली.

"पोरगी जुनी पँट घालूनच लग्नाची सही करेल गं," ती हळूच म्हणाली. आणि निघाली ती तडक खिडकीपाशी. रांगेच्या पुढे घुसली, बाईकडे पाठ केली, सदरा कमरेवर उचलला. "सांग तिला, काप म्हणावं."

मी सांगितलं. बाईचं च्युइंगम थांबलं. तिने पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. रांगेतले टोपीवाले आजोबा सभ्यपणे छत न्याहाळू लागले. बाईने खणातून कात्री काढली. आत्याने श्वास रोखून डोळे मिटले. कर्रकच्च!

नोटा चांगल्या ऊबदार, घामेजलेल्या. बाईने त्या दोन बोटांत धरून मोजल्या, पण तिकिटं दिली. आम्ही आत चढलो आणि दार मिटलं.

बसमध्ये फुकटचं वायफाय होतं. लगेच बाबांचा फोन. "कार्ड चाललं ना?"

"नाही बाई चाललं," आत्याच्या आवाजात पाकातला गोडवा. "रोखच कामाला आली."

"असं कसं? परदेशात वापरणार म्हणून बँकेला कळवलंस ना? दहा वेळा सांगितलं होतं!"

"नाही कळवलं."

"का?"

"कळवलं असतं तर चाललं असतं ना ते!"

पलीकडे बाबांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मी ओरडले, "आत्या, लग्न हुकलं असतं!"

"हुकलं का?" तिने पिशवी मांडीवर नीट केली. "आणि त्या बाईने कापलं कसं, पाहिलंस? तिरकं! एका नोटेचा कोपरा गेला. जा, ड्रायव्हरला विचार, तीनच्या आत पोचवतोस का म्हणावं."

मी विचारून आले. अडीचला पोचवतो म्हणाला.

"अडीच," आत्या म्हणाली. "म्हणजे झग्याची कॉलर एकदा फिरून बघता येईल." आणि उरलेल्या नोटा मुठीत आवळून ती खिडकीला टेकून घोरू लागली.